जुनी कार घेताय? डीलरकडून काय मागायचं आणि कधी परत फिरायचं

शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव. अशा ऊसपट्ट्यात उसाचं बिल बँकेत जमा झालं की घरात बरेच दिवस रखडलेले विषय पुन्हा निघतात. त्यातला एक म्हणजे चारचाकी.

समजा, तुमचं बजेट साडेतीन लाखांचं आहे. डीलरकडे एक गाडी पसंत पडते. तो म्हणतो, "भाऊ, गाडी आजच घेऊन जा. कागदपत्रं महिनाभरात तुमच्या नावावर होतील."

जुन्या गाडीच्या व्यवहारातले अनेक घोळ या एका वाक्यापासून सुरू होतात. गाडी दारात उभी असते, पैसे गेलेले असतात आणि कागदावर मालक भलताच कुणीतरी असतो. म्हणून गाडीचं बॉनेट उघडण्याआधी डीलरला काय विचारायचं, ते समजून घेऊया.

डीलरकडे परवानगी आहे का?

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केले. ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यानुसार नोंदणी झालेल्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरने आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायला हवं. हे प्रमाणपत्र फॉर्म 29बी मध्ये मिळतं आणि 5 वर्षांसाठी वैध असतं.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच: "तुमचं 29बी प्रमाणपत्र दाखवता का?" डीलरने ते दाखवलं तर त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत बघा. टाळाटाळ केली तर ज्या जिल्ह्यात त्याचं दुकान आहे, तिथल्या आरटीओत चौकशी करा.

"गाडी माझी नाही, पार्टीची आहे"

काही गडबड झाली की हे उत्तर हमखास ऐकू येतं. पण नव्या नियमांत यावरही उपाय आहे. मूळ मालक विक्रीसाठी गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात देतो, तेव्हा दोघांनी मिळून फॉर्म 29सी मध्ये आरटीओला ऑनलाइन कळवायचं असतं. त्यानंतर ती गाडी विकली जाईपर्यंत डीलरलाच मालक मानलं जातं. गाडीची आणि तिच्या कागदपत्रांची जबाबदारीही त्याचीच असते.

नावावर करण्याचा अर्ज, नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, हरवलेल्या आरसीची दुसरी प्रत किंवा ना हरकत प्रमाणपत्र यासाठी असा डीलर स्वतः अर्ज करू शकतो. म्हणून 29सी ची पोच मागा. ती असेल तर "मालक सही करायला येत नाही" ही सबब फारशी टिकत नाही.

डीलरकडची गाडी ट्रायल, प्रदर्शन किंवा दुरुस्ती-रंगकाम अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंदही त्याला ठेवावी लागते. तुमच्या टेस्ट ड्राइव्हची नोंद होते आहे का, हे जरूर बघा. दुकान नियमाने चालतं की नाही, याचा अंदाज तिथेच येतो.

गाडी नावावर कधी होते?

चावी मिळाली म्हणजे मालकी मिळाली, असं होत नाही. आरसीवर तुमचं नाव चढलं की व्यवहार पूर्ण झाला. त्यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरावे लागतात. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

अपघात झाला तर भरपाई कोण देणार, याचा निर्णयही नोंदीवरून होतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं होतं. ती गाडी त्याने आधीच विकली होती आणि पुढे ती आणखी काही हातांत गेली होती, पण नोंद मात्र त्याच्याच नावावर होती. म्हणजे नाव बदलण्यात विकणाऱ्याचंही हित आहे. हे डीलरला ठणकावून सांगता येतं.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 मागा. "हप्ते संपलेत" हे तोंडी सांगणं पुरेसं नाही. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा तपासता येतो. थकलेली ई-चलनंही ऑनलाइन दिसतात. ती कोणी भरायची, हे सौद्यातच लिहून घ्या.

जीजे किंवा एमपी पासिंगची गाडी घ्यावी का?

नंदुरबार जिल्ह्याला गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही लागून आहेत. त्यामुळे एमएच-39 आणि धुळ्याच्या एमएच-18 बरोबरच सुरतची जीजे-05 किंवा बडवानीची एमपी-46 गाडीही सौद्याला येऊ शकते. अशी गाडी अनेकदा स्वस्त वाटते, पण पुढचा खर्च धरला तर हिशोब बदलतो.

परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचं फॉर्म 28 मधलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. मूळ राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण तो पाठपुरावा वेगळाच. म्हणून डीलरला एकच आकडा विचारा: "एमएच नंबर पडून गाडी माझ्या नावावर होईपर्यंत एकूण किती?" आणि तो आकडा कागदावर घ्या.

विमा आपोआप येतो का?

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, असं कायदा मानतो. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर त्याचा दावा जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर अडकू शकतो. म्हणून खरेदीनंतर 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही. "विमा आहे, चिंता नको" असं डीलर म्हणाला तर विमा कुणाच्या नावावर आहे, हे विचारा.

गाडीची खरी अवस्था कशी कळेल?

मीटर मागे फिरवता येतं, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागा. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते, ते त्यात असतं. स्टिअरिंग, पेडल आणि सीट खूप झिजलेले असतील आणि मीटर कमी दाखवत असेल, तर गडबड आहे.

पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसू शकते. ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. आत चिखलाचा डाग असेल, मॅटखाली गंज किंवा कुबट वास असेल, तर सरळ परत फिरा.

आपला ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. चांगला डीलर तपासणीला नाही म्हणत नाही. आणि अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, मीटर खरं आहे, या तीन गोष्टी त्याच्याकडून बिलावर किंवा करारावर लिहून घ्या.

जीएसटी किती लागतो?

जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरला जुन्या गाडीवर 18 टक्के कर लागतो, पण सर्वसाधारणपणे तो खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर. डीलरने 3 लाखांना घेतलेली गाडी साडेतीन लाखांना विकली, तर कर 50 हजारांवर, म्हणजे 9 हजार रुपये. पूर्ण साडेतीन लाखांवर 63 हजार लावत असेल तर हिशोब विचारा.

पक्कं बिल मागाच. बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे बँकेतून द्या. आयकर कायद्यानुसार 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही.

फसवणूक झालीच तर?

आधी डीलरला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार करा. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते. गाडी सुरतच्या डीलरकडून घेतली असली, तरी पुरुषोत्तमनगरच्या ग्राहकाला नंदुरबारच्या आयोगात दाद मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही. तक्रार साधारण 2 वर्षांच्या आत करायला हवी.

पण आयोग पुरावा विचारतो. बिल, करार, बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, गाडीची जाहिरात, सगळं जपून ठेवा.

टोकन देण्याआधी

डीलरचं 29बी, गाडीची 29सी पोच, बोजा नसल्याचा दाखला, चलनांचा हिशोब, गाडीच्या अवस्थेबद्दल लेखी हमी आणि पक्कं बिल, एवढं मागा. टोकनच्या पावतीवर "कागदपत्रांत अडचण निघाल्यास रक्कम परत" असं लिहून घ्या. शक्य असेल तर थोडी रक्कम आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवा.

यातलं काही मागितल्यावर डीलर चिडला किंवा "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणाला, तर गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. दुसरी गाडी मिळेल, उसाचं बिल मात्र पुढच्या हंगामाशिवाय येत नाही.