पुरानंतरचा ताप आणि पहिले निदान

नृसिंहवाडीला पूर नवा नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावात नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानासाठी भाविक लांबून येतात. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मात्र पाणी सोहळ्यापुरते थांबले नाही. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की बातम्या थांबतात. दवाखान्यांची परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

घरातला गाळ उपसून, गोठा धुऊन आठवडा-दोन आठवडे झाले की तापाचे रुग्ण येऊ लागतात. साचलेल्या पाण्यात डास वाढलेले असतात, त्यामुळे डेंग्यू असतोच. त्याच दिवसांत लेप्टोस्पायरोसिसही येतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतले जिवाणू चिखल-पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतर मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली. दोन्ही आजारांची सुरुवात सारखीच असते: ताप, डोकेदुखी, अंगदुखी. प्लेटलेट दोन्हींत उतरतात. उपचार मात्र वेगळे. डेंग्यूवर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. लेप्टोत डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लवकर मिळणे महत्त्वाचे असते. आजार बळावला तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुफ्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो.

समजा, सकाळपासून ओळीने डेंग्यूचेच रुग्ण तपासलेल्या डॉक्टरांपुढे गाळ उपसून आलेला एक शेतकरी बसला आहे. चार दिवस ताप, प्लेटलेट कमी. डेंग्यूचे नाव डॉक्टरांच्या मनात आपोआप येते. मग तो म्हणतो, “पोटऱ्या लई ठणकत्यात, डॉक्टरसाहेब,” तर ते अंगदुखीत मोडते. डोळे लाल आहेत पण त्यांत पू नाही, तर ते जागरणामुळे असतील असे वाटते. पोटऱ्यांचे तीव्र दुखणे आणि पू नसलेले लाल डोळे या लेप्टोच्या ओळखीच्या खुणा आहेत, आणि हे त्या डॉक्टरांना पक्के ठाऊक असते. ज्ञान कमी पडलेले नसते. पहिले नाव सुचल्यावर शोध थांबलेला असतो.

जे सहज आठवते तेच जास्त संभाव्य वाटते, हा मनाचा कल ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७३ मध्ये मांडला. डॉक्टरांबाबत तो नेमका कसा चालतो हे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या निवासी डॉक्टरांवरील प्रयोगात दिसले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ३६ डॉक्टरांना आधी काही रुग्णांच्या नोंदी दाखवल्या, मग दिसायला तशाच पण निदान वेगळे असलेल्या नोंदी दिल्या. नुकत्याच पाहिलेल्या आजाराकडे ओढले गेले ते दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर. पहिल्या वर्षाचे नव्हे. थोडा अनुभव आला की झटपट ओळखण्याची सवय लागते, आणि तीच इथे नडली. मात्र याच डॉक्टरांना थांबून पुन्हा विचार करायला लावले, कोणती लक्षणे जुळतात, कोणती जुळत नाहीत, आणखी काय असू शकते हे तपासायला सांगितले, तेव्हा त्यांचे निदान सुधारले. मला यातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. चूक सुधारण्यासाठी नवे यंत्र लागले नाही, थोडा वेळ लागला. आणि पूरग्रस्त भागातल्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

निदान एकदा कागदावर आले की ते पुढे सरकत राहते. गावातल्या चिठ्ठीवर ‘डेंग्यू?’ असे लिहिलेले असते; रुग्ण जयसिंगपूरहून मिरजेला पोहोचेपर्यंत त्यातले प्रश्नचिन्ह गळून पडू शकते. तपासणीही फसवते. लेप्टोची प्रतिपिंड चाचणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, आणि तो कागद पाहून ‘लेप्टो नाही’ असा समज होतो.

पुराच्या दिवसांत घरात साप शिरतात, तिथेही हाच धोका आहे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना जवळजवळ नसते, सूज नसते, दातांचे व्रण अनेकदा सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ येते आणि उपचार पित्तावर सुरू होतात. पापण्या जड होऊन मिटू लागल्या की खरा प्रकार कळतो, पण तोवर श्वास धोक्यात आलेला असतो. सर्पदंश म्हणजे सूज आणि व्रण, हे मनातले चित्रच इथे आड येते.

डॉक्टरांना दोष देऊन यातले काही बदलणार नाही. रुग्णालयांतल्या मृत्यू-आढाव्याच्या बैठकीत कोणते औषध दिले याबरोबर दुसरे निदान कधी मनात आले आणि का सोडले, हेही नोंदले गेले पाहिजे. आपल्या हातातलेही काही आहे. पुरानंतर ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. पाण्यात किती दिवस होतो, पायाला जखम होती का, गोठा कोणी धुतला, रात्री कुठे झोपलो, हे आपणहून सांगा. दोन दिवसांत उतार पडला नाही, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली तर लगेच परत जा आणि न संकोचता विचारा: “डॉक्टर, हे दुसरे काही असू शकेल का?”