बेगल शिळा का होतो आणि ताजा कसा ठेवावा

बेगल म्हणजे मधोमध भोक असलेला, चकचकीत कवचाचा, चावायला चिवट असा गोल पाव. भट्टीत जाण्याआधी तो उकळत्या पाण्यात घातला जातो, हे त्याचे वेगळेपण. पोलंडमधील क्राकूव शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. पूर्व युरोपातून स्थलांतर केलेल्या ज्यू कुटुंबांबरोबर तो अमेरिकेत आणि कॅनडात पोहोचला, आणि न्यूयॉर्क व माँट्रियल ही त्याची दोन मोठी केंद्रे झाली. तिथे बेगल डझनाने विकत घेण्याची पद्धत आहे; बरीच दुकाने डझनावर एक वर देतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही शनिवार-रविवारच्या न्याहारीला अशी पिशवी येते, आणि मुंबई-पुण्याच्या काही बेकऱ्यांतही आता बेगल मिळतो. पिशवीतले चार-पाच बेगल गरमागरम संपतात. उरलेल्यांचे दुसऱ्या दिवशी काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला बेगल आणि वातड हे शब्द एकत्र उच्चारायला वेळ लागत नाही.

बेगल इतर पावांपेक्षा लवकर शिळा होतो, याचे कारण त्याच्या पिठातच आहे. अस्सल बेगलमध्ये भरपूर प्रथिने असलेला मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडे माल्ट एवढेच असते. दूध नाही, लोणी नाही, तेलही नाही किंवा नावापुरते. पाणी मैद्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे पावाच्या मानाने कणीक अगदी घट्ट. पाण्यात उकळताना वरच्या थरातले पिष्ट शिजून त्याचा पातळ, चकचकीत लेप तयार होतो. हा लेप भट्टीत पिठाला फार फुगू देत नाही, म्हणून बेगल आतून दाट राहतो. पाव मऊ ठेवणारी स्निग्धता नाही, पाणीही बेताचे, अशा स्थितीत सकाळी भाजलेला बेगल संध्याकाळी कडक वाटू लागला तर त्यात बेकरीवाल्याचा दोष नसतो.

पाव वाळतो म्हणून शिळा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. झाँ-बाप्तिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले, की पाण्याचा थेंबही बाहेर जाऊ न देता पाव बंद करून ठेवला तरी तो शिळा होतो, आणि हाच शिळा पाव पुन्हा तापवला की मऊ होतो. पाणी उडून गेले असते तर नुसत्या तापवण्याने मऊपणा परतला नसता. खरा बदल पिष्टात घडतो. मैद्यातल्या पिष्टाचे कण भाजताना पाणी शोषून फुगतात आणि त्यांची घट्ट रचना सैल पडते. पाव निवू लागला की हेच रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन शिस्तीत रचले जातात आणि पावाचा गाभा ताठर होतो. अमायलोज हा पिष्टाचा सरळ साखळीचा घटक काही तासांतच बसतो. अमायलोपेक्टिन हा फांद्या असलेला घटक पुढचे काही दिवस हळूहळू घट्ट होत राहतो. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेला भात सकाळी टणक, मोकळा लागतो आणि गरम केल्यावर पुन्हा मऊ होतो, तेही याच कारणाने. फोडणीच्या भाताला शिळा भात चांगला का, याचेही उत्तर इथेच आहे.

या क्रियेचा वेग तापमानावर ठरतो, आणि घरी होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच होते. १९२०च्या दशकात डच रसायनशास्त्रज्ञ जे. आर. कॅट्झ यांनी या विषयावर बरेच काम केले. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर पाव शिळा होत नाही. तापमान उतरत जाते तसा शिळेपणाचा वेग वाढतो आणि शून्य अंशाच्या जरा वर तो सर्वाधिक असतो. पाणी गोठून आणखी बरेच खाली गेले, की क्रिया जवळजवळ थांबते. घरच्या फ्रीजचे खालचे कप्पे साधारण ३ ते ५ अंशांवर चालतात. म्हणजे पाव शिळा करण्यासाठी सोयीची जागा मुद्दाम शोधायची ठरवली, तर हीच सापडेल. फ्रीजमध्ये बेगलला बुरशी उशिरा येते हे खरे, पण तोवर तो खाण्याजोगा उरलेला नसतो. पाकिटबंद कापलेला ब्रेड फ्रीजमध्ये त्यामानाने बरा राहतो, कारण त्यात स्निग्ध पदार्थ, इमल्सिफायर आणि कधीकधी पिष्टाची पुनर्रचना लांबवणारी विकरे घातलेली असतात. बेकरीतून आणलेल्या बेगलला यांतले कोणतेच संरक्षण नसते.

दुसरी गोष्ट कवचाची. भट्टीतून निघताना कवच कोरडे आणि गाभा ओलसर असतो. पुढच्या काही तासांत आतला ओलावा बाहेरच्या बाजूला सरकतो, कवच मऊ पडून चामड्यासारखे होते आणि गाभा कोरडा पडतो. त्यामुळे साठवणीत नेहमी एक अडचण राहते. हवा लागू दिली तर कवच कुरकुरीत राहते पण बेगल वाळतो. हवा बंद केली तर वाळत नाही पण कवच वातड होते. यावर एकच कायमचा उपाय नाही. किती वेळ ठेवायचे त्यावर पद्धत ठरवावी लागते. त्याच दिवशी खायचा असेल तर कागदी पिशवी पुरते. पिशवीचे तोंड दुमडून ती ओट्यावर, शेगडीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी. रात्र काढायची असेल तर प्लास्टिकची पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा हवा. मऊपणा गेलेले कवच भाजून सुधारता येते, उडून गेलेले पाणी मात्र परत आणता येत नाही, म्हणून या वेळी झुकते माप ओलाव्याला द्यावे. गरम बेगल मात्र कधीही बंद पिशवीत ठेवू नये. वाफ आत अडकते, कवच चिकट होते आणि बुरशीला हवे असलेले ओले वातावरण तयार होते. पूर्ण निवायला तास-दीड तास लागतो. दुकानातून गरम पिशवी मिळाली तर घरी आल्याबरोबर तिचे तोंड उघडावे.

फ्रीझर नव्हता तेव्हाही लोकांना हा प्रश्न होताच. क्राकूवच्या रस्त्यांवर आजही गाड्यांवर ओब्वाजानेक नावाची पिळाची कडी विकली जाते. तीही आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजतात. ती बेगलची जवळची नातलग मानली जाते आणि २०१० साली तिला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. ती भाजल्यावर काही तासांतच खायची असते. उरवण्याचा विचारच त्या पदार्थात नाही. रशियातल्या सुश्कीचा मार्ग नेमका उलटा. ही छोटी कडी मुद्दाम ठणठणीत वाळवतात, दोऱ्यात ओवतात आणि महिनोन् महिने चहाबरोबर खातात. गोव्यातले कांकण हेही याच वाटेवरचे. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतली ही कुरकुरीत कडी चहात बुडवून खायची; ती मऊ असावी अशी कुणाची अपेक्षाच नसते. ताजे खाऊन संपवणे आणि पूर्ण वाळवणे, या दोनच वाटा शेकडो वर्षे होत्या.

तिसरी वाट काढली ती अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावच्या लेंडर कुटुंबाने. पोलंडमधून आलेल्या हॅरी लेंडर यांनी १९२७ साली तिथे बेगलची बेकरी सुरू केली. बेगलला मागणी रविवारी सकाळी उसळायची आणि बाकीचा आठवडा भट्टी निवांत. १९५०च्या दशकात त्यांनी आठवडाभर बेगल भाजून गोठवून ठेवायला सुरुवात केली आणि पुढे गोठवलेल्या बेगलची पाकिटे थेट किराणा दुकानांत नेली. ही पाकिटे नसती तर बेगल ज्यू वस्त्यांबाहेर एवढ्या लवकर गेला नसता. न्यूयॉर्कच्या जुन्या बेगलवाल्यांना हा माल फारसा कधी रुचला नाही, आणि चवीपुरते त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. पण साठवणीचे तंत्र म्हणून लेंडर यांचा मार्ग बरोबर होता, आणि घरच्या फ्रीझरमध्ये तेच करायचे असते.

गोठवण्याचा पहिला नियम वेळेचा. बेगल शिळा झाल्यावर फ्रीझरमध्ये टाकून काही मिळत नाही. फ्रीझर आहे त्या स्थितीत घड्याळ थांबवतो, मागे नेत नाही. म्हणून दोन दिवसांत संपणार नाहीत एवढे बेगल आणल्या दिवशीच, पूर्ण निवल्यावर, आत जायला हवेत. त्याआधी ते आडवे कापून दोन भाग करावेत. गोठलेला बेगल दगडासारखा असतो, आणि तो हातात धरून सुरीने कापणे म्हणजे बोटांशी वैर. कापलेले भाग असतील तर ते न वितळवता सरळ टोस्टरमध्ये जातात, हा दुसरा फायदा. दुकानातूनच कापून आणणे सोयीचे, पण न्यूयॉर्क राज्यात अख्खा बेगल घरी नेला तर विक्रीकर लागत नाही आणि दुकानदाराने कापून दिला तर लागतो. करखात्याची ही बारीक नजर तिथल्या लोकांच्या चेष्टेचा विषय झालेली आहे.

कापलेले दोन्ही भाग पुन्हा जुळवून प्रत्येक बेगल क्लिंग फिल्ममध्ये किंवा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावा आणि असे सगळे बेगल झिपच्या जाड पिशवीत घालून आतली हवा दाबून काढावी. हे दुहेरी आवरण हौसेचे नाही. फ्रीझरची हवा अतिशय कोरडी असते आणि उघड्या पृष्ठभागावरचा बर्फ वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन उडतो. पांढरट, कोरडे डाग पडतात आणि फ्रीझरचा वास लागतो. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तापमान वरखाली होत असल्याने हे आणखी लवकर घडते. पिशव्या प्रथम एकावर एक न रचता एका थरात ठेवाव्यात, म्हणजे शिळेपणाचा तो धोक्याचा तापमान-पट्टा बेगल झटपट पार करतो. उणे १८ अंशांवर असे बेगल तीन महिने चांगले राहतात. नंतरही ते खाण्यास अपायकारक होत नाहीत, पण चव उतरते. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा बहुधा एवढा थंड होत नाही. तिथे दोन-तीन आठवड्यांच्या पुढे भरवसा ठेवू नये. कांदा-लसणाचे बेगल वेगळ्या पिशवीत असावेत, नाहीतर दालचिनी-मनुक्यांच्या बेगललाही लसणाचा वास येतो.

बाहेर काढताना घाई नडते. कापलेला बेगल तसाच गोठलेला टोस्टरमध्ये टाकावा. अरुंद खाचांच्या टोस्टरमध्ये तो अडकत असेल तर जाड तव्यावर कापलेली बाजू खाली ठेवून, झाकण घालून मंद आचेवर गरम करावा. अख्खा बेगल असेल तर तो आवरणासकट ओट्यावर ठेवून वितळू द्यावा, म्हणजे हवेतली वाफ आवरणावर जमते, कवचावर नाही. मग आवरण काढून, कवचावर पाण्याचा हात फिरवून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच ते आठ मिनिटे. आतला भाग ६० अंशांच्या वर गेला की घट्ट झालेले अमायलोपेक्टिन पुन्हा सैल होते, वरचे पाणी कवचाला आधी मऊ आणि मग कुरकुरीत करते. एक-दोन दिवस बाहेर राहिलेल्या शिळ्या बेगललाही हाच उपचार लागू पडतो, पण एकदाच. प्रत्येक वेळी थोडे पाणी जाते आणि दुसऱ्या खेपेला बेगल ऐकत नाही. मायक्रोवेव्ह शक्यतो टाळावा. पंधरा-वीस सेकंदांत तो बेगल मऊ करतो, पण निवताच बेगल आधीपेक्षा वातड होतो. वापरायचाच तर ओल्या कागदात गुंडाळून, आणि खाणारा समोर बसलेला असताना.

मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात शिळेपणाआधी बुरशीच गाठते. साध्या बेगलला बाहेर दोन दिवसांची मुदत कोरड्या हवेत ठीक. जुलैच्या दमटपणात एकाच दिवसाची धरावी. ब्लूबेरीसारखी ओलसर फळे घातलेले बेगल आणखी लवकर खराब होतात. वीज बराच वेळ गेली आणि बेगल वितळले, तर ते पुन्हा गोठवण्यापेक्षा भाजून संपवावेत. क्रीम चीज किंवा मासा लावलेला बेगल ही वेगळीच गोष्ट: तो फ्रीजमध्येच ठेवावा लागतो आणि गोठवल्यावर चीज फुटून पाणी सुटते. त्यामुळे बेगल आणि चीज खाण्याच्या वेळीच एकत्र यावेत.

एवढे करूनही कडक झालेला बेगल वाया जात नाही. पातळ चकत्या करून, तेलाचा हात लावून मंद ओव्हनमध्ये वाळवल्या तर त्या हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात आणि चहाबरोबर खारी-बटरच्या जागी चालतात. अंड्या-दुधात भिजवून तव्यावर परतण्यासाठी तर शिळा बेगलच चांगला, कारण तो भिजूनही विरघळत नाही. फक्त टाकून देण्याच्या दोन खुणा ओळखाव्यात. आतून चिकट तार सुटू लागली आणि जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला, तर ते जीवाणूंचे काम असते. त्यांचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही मरत नाहीत. दुसरी खूण बुरशीची. हिरवा-काळा ठिपका कापून उरलेला भाग खाण्याची काटकसर करू नये. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून आत गेलेले असतात, तेव्हा तो बेगल अख्खा टाकावा आणि त्याच पिशवीतले बाकीचे नीट तपासून मगच ठेवावेत.