नृसिंहवाडीचे वाचन आणि श्रवण : एक मागोवा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीत वाचनाची परंपरा एका ग्रंथाभोवती वाढली. तो ग्रंथ म्हणजे सरस्वती गंगाधरांचे ‘गुरुचरित्र’. त्याचे चरित्रनायक, दत्तावतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती यांनी या संगमावर बारा वर्षे वास्तव्य केले, अशी श्रद्धा आहे. ग्रंथकर्त्याची घरची भाषा कन्नड होती, तरी ग्रंथ मराठी ओवीत उतरला. सीमाभागातल्या या क्षेत्राला तो पहिल्यापासून जवळचा वाटला, यात नवल नाही. अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा तर इथल्याच परिसरातली आहे.

पारायणाचा रूढ क्रम सात दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत वाचन होते. त्या अध्यायात नृसिंहसरस्वतींचे पूर्वावतार मानले जाणारे श्रीपादश्रीवल्लभ एका रजकाला राज्यप्राप्तीचा वर देतात. तो वर रजकाच्या पुढच्या जन्मी फळाला येतो, थेट शेवटच्या दिवशी, पन्नासाव्या अध्यायात, बिदरच्या यवन राजाच्या रूपाने. सुटे अध्याय वाचणाऱ्याच्या हाती ही वीण लागत नाही. म्हणून नव्या वाचकानेही फलश्रुतीपुरते अध्याय न निवडता ग्रंथ आरंभापासून सलग वाचावा, हेच उत्तम. स्त्रियांनी मूळ पोथी वाचू नये, असा संकेत दीर्घकाळ पाळला गेला. त्यामुळे कितीतरी घरांत हा ग्रंथ डोळ्यांपेक्षा कानांनीच पोचला. आज अनेक स्त्रिया स्वतः पारायण करतात, ही या परंपरेतली मोठी आणि स्वागतार्ह घडामोड आहे.

ग्रंथ वाचकाच्या आवाक्यात आणण्याचे मोठे काम वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबेस्वामी (1854–1914) यांनी केले. त्यांनी ‘द्विसाहस्री’त गुरुचरित्राचे संस्कृत रूप सिद्ध केले, तर ‘सप्तशती गुरुचरित्रसार’ मराठीत आणले. एकच कथा किती आटोपशीर करता येते आणि तसे करताना काय राखावे लागते, हे या संक्षेपांवरून शिकता येते. नृसिंहवाडीतच रचलेली त्यांची ‘करुणात्रिपदी’ मात्र ऐकण्याची रचना आहे. तिचा आर्जवी स्वर कागदावर अर्धाच उमटतो. समूहाने म्हटली जाताना तिचे तीन भाग चढत जातात. पालखीच्या वेळची पदेही अशीच, देवळाच्या आवारात उभे राहून ऐकावीत.

विसाव्या शतकात भक्तीच्या शेजारी चिकित्सा आली. रा. चिं. ढेरे यांचा ‘दत्त संप्रदायाचा इतिहास’ हा या वाचनातला सर्वांत मोलाचा टप्पा. नाथपंथ, महानुभाव आणि सूफी परंपरांशी दत्तोपासनेचे नाते उलगडणारा हा ग्रंथ गुरुचरित्रानंतर वाचला, तर बिदरच्या राजाची कथा केवळ चमत्कार उरत नाही. दोन धर्मांच्या शेजाराचा तो एक दस्तऐवज ठरतो. आदिलशाहीच्या आश्रयाने मंदिर उभे राहिल्याची वाडीतली आख्यायिकाही मग वेगळ्या कुतूहलाने ऐकली जाते.

ध्वनिमुद्रणाने श्रवण देवळाबाहेर नेले. कृष्णाकाठच्याच औदुंबरचे कवी सुधांशु यांचे ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ रा. ना. पराडकरांच्या आवाजात घराघरांत पोचले. पुढे अजित कडकडे यांच्या ‘निघालो घेऊन दत्ताची पालखी’ने तीच जागा घेतली. पराडकरांच्या गाण्यात एकट्याची शांत आळवणी आहे, तर कडकड्यांच्या गाण्यात पालखीबरोबरची चाल. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास भक्तिगीताचा बदललेला बाज स्पष्ट कळतो. आता संपूर्ण गुरुचरित्राचे पठणही मोबाइलवर मिळते. ते ऐकताना पोथी समोर उघडी असावी. जुन्या मराठीतले शब्द आणि ओवीचे यमक तेव्हाच एकमेकांना उजळतात.