इंजिनाची टिणटिण आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, तुमचं कार्यकारण घट आणि पट यांच्या पुढे कधी जाणार?" प्रश्न रास्त आहे. आज त्याला गाडीत बसवून थोडं पुढे नेऊ.

आम्ही राहतो शेंदूरजनाघाटला. वरुड तालुका, सातपुड्याचा पायथा, संत्र्याच्या कलमांचं गाव. आमच्याकडे जुनी, कार्बोरेटरवाली मारुती 800 आहे. तीन सिलिंडर, 796 सीसी. गेल्या उन्हाळ्यात तिला दोन दुखणी जडली. एक म्हणजे, उभी असताना इंजिन थरथरायचं. मिस्त्रींच्या भाषेत, गाडी स्लोला बसत नव्हती. दुसरं, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की बॉनेटखालून टिणटिण. जणू कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे हलवतंय.

टिणटिण ऐकू आली त्याच्या आदल्याच दिवशी आम्ही पेट्रोल भरलं होतं. झालं! पंपावर गेलो आणि चार माणसांसमोर म्हणालो, "तुमच्या पेट्रोलमध्ये भेसळ आहे." नोजल धरून उभा असलेला मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. तो काही बोलला नाही, मान खाली घालून उभा राहिला. ते आजही आठवतं.

आता आमची चूक बघा. न्यायदर्शनात एक मजेदार उदाहरण आहे. कुंभार गाढवावरून माती आणतो आणि मडकं घडवतो. मडक्याच्या आधी गाढव हजर होतं, हे खरं. पण म्हणून गाढव मडक्याचं कारण ठरतं का? माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. अशा आगंतुकाला नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आधी असणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. चाळीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं, आणि पंपावर गेल्यावर विसरलो.

मग गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली आणि दोघांनी मिळून रीतसर तपास केला.

आधी टिणटिण म्हणजे काय ते समजून घेऊ. प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरमध्ये एका बाजूकडून दुसरीकडे पसरत जाते. पसरताना ती पुढच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला दाबते आणि तापवते. हे मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकलं, तर दाबाच्या लाटा धातूवर आपटतात. तोच तो आवाज. याची नेहमीची कारणं पाच: पेट्रोलचा ऑक्टेन कमी असणं, इंजिन जास्त तापणं, आत कार्बन साचणं, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असणं, आणि ठिणगी वेळेआधी पडणं. शेवटचं कारण झोपाळ्यासारखं आहे. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच धक्का दिला तर हाताला दणका बसतो. पिस्टन वर येत असताना दाब फार लवकर वाढला तर तसंच होतं. हे दुर्लक्षित ठेवलं तर एक दिवस पिस्टन फुटतो.

थरथरीची कारणं वेगळी: एखादा प्लग मेलेला, कार्बोरेटरचा स्लो जेट तुंबलेला, व्हॉल्व्ह गळका, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरणं.

मिस्त्रींनी गाडी न्यूट्रलला ठेवली, हँडब्रेक ओढला आणि रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढून बघितली. ज्या सिलिंडरची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो आजारी. इथे तिन्ही वेळा इंजिन सारखंच दबलं. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, तिघांचा सामाईक. मग इंजिन गरम असतानाच चोक किंचित ओढला. थरथर कमी झाली! चोकने हवा कमी होते, म्हणजे मूळ मिश्रणात हवा जास्त होती. मग मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाइप एकेक करून चिमटीत दाबले. एक पाइप दाबताच इंजिन शांत झालं. त्याच्या तोंडाशी बारीक चीर होती.

"सर, गाडी एअर घेते," मिस्त्री म्हणाले. "अन् टायमिंग कोनं तरी समोर घेतलं हाये."

'कोनं तरी' म्हणजे आम्हीच! महिनाभर आधी थरथर सुरू झाली तेव्हा आम्हीच दुसऱ्या एकाला म्हटलं होतं, "कसंही करा, पण स्लो बसवून द्या." त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी लवकर पाडली. इंजिनाचा वेग वाढला, थरथर झाकली गेली. चीर मात्र वाढतच होती. पुढे थरथर परत आली, आणि चढावर भार पडताच लवकरच्या ठिणगीने टिणटिण सुरू झाली. स्लोला इंजिनाचं शोषण जोरात असतं, म्हणून तिथे चीर जाणवते. चढावर थ्रॉटल उघडा असल्याने चिरेचा प्रभाव फारसा उरत नाही. तिथे टायमिंग बोलतं. म्हणजे पहिलं दुखणं चिरेचं, आणि दुसरं आमच्या उपायाचं.

नवा पाइप शंभर रुपयांच्या आत आला. पण मिस्त्रींनी पाइप आणि टायमिंग एकाच वेळी नाही बदललं. आधी फक्त पाइप: थरथर गेली, टिणटिण राहिली. आम्ही आग्रहाने जुना पाइप पुन्हा लावायला सांगितला: थरथर परत आली. कारण असताना कार्य असणं हा अन्वय. कारण काढल्यावर कार्य नसणं हा व्यतिरेक. मग टायमिंग कंपनीच्या खुणेवर आणलं, स्लोचा स्क्रू बेताने फिरवला. चढावरची टिणटिणही गेली.

या आवाजाने आमच्याहून मोठ्यांनाही चकवलंय. 1916 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली या अभियंत्याला वाटलं, इंधन लाल केलं तर ते उष्णता लवकर शोषेल आणि ठोके थांबतील. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन घातलं. ठोके कमी झाले! पण मग त्याने दुसरे लाल रंग घालून पाहिले; काही नाही. रंगहीन आयोडीन-संयुग घातलं, उपयोग झाला. लाली हे गाढव होतं. इथवर तो शहाणा. पुढे 1921 च्या डिसेंबरात त्याच्या चमूला शिशाचं संयुग सापडलं, ठोके थांबले, आणि शिसं जगाच्या हवेत गेलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 च्या फेब्रुवारीत बंद झालं. जगातून ते जायला 2021 उजाडलं. आवाज थांबला म्हणजे दुखणं गेलं, असं नसतं.

आज पुष्कळ जण विचारतात, इथेनॉलमुळे टिणटिण होते का? इथेनॉल स्वतः ठोक्यांना विरोध करतं. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण पातळ होतं, आणि जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. म्हणजे त्यालाही तपासाशिवाय फाशी नको, आणि तपासाशिवाय सुटकाही नको.

तर एवढं करा: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. आम्ही लिहिलं असतं तर टायमिंग विसरलो नसतो.

आम्ही पंपावर परत गेलो, आणि चार माणसं असतानाच त्या मुलाला म्हणालो, "बाळा, चूक आमची होती." तो हसला आणि म्हणाला, "सर, टाकी फुल करू का?"