अवर्षणप्रवण प्रदेशातील काळविटांची पाण्याची गरज : रेहेकुरी अभयारण्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. या तालुक्यात काळविटांच्या संरक्षणार्थ १९८० साली रेहेकुरी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौ. कि.मी. आहे. एवढ्या लहान व कोरड्या क्षेत्रात काळविटाची पाण्याची गरज कशी भागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाण्याचे तीन स्रोत :
सस्तन प्राण्यास पाणी तीन मार्गांनी मिळते : प्यायलेले पाणी, अन्नातील पाणी आणि अन्नाच्या चयापचयातून शरीरातच निर्माण होणारे पाणी. पैकी तिसऱ्याचे प्रमाण अल्प असते. दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील कोआला. निलगिरीच्या पानांतील ओलाव्यावरच तो जगतो, पाणी क्वचितच पितो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तथापि पावसात खोडावरून ओघळणारे पाणी कोआला चाटून पितात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. अन्नातील ओलावा हा पाण्याला पूर्ण पर्याय नव्हे, हे यावरून लक्षात येते.

काळवीट व चिंकारा :
काळवीट हा मुख्यतः गवतावर जगणारा प्राणी होय. पावसाळ्यातील कोवळ्या हिरव्या गवतात सुमारे ७० ते ८० टक्के पाणी असते. वाळलेल्या गवतात ते १० टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजेच उष्णतेमुळे शरीराची गरज वाढते, नेमक्या त्याच काळात अन्नातून मिळणारे पाणी आटते. पुणे जिल्ह्यातील मयूरेश्वर अभयारण्यात आढळणारा चिंकारा झुडपांची पाने व फळेही खातो आणि पाणी न पिता दीर्घकाळ तग धरू शकतो. काळविटास ते साधत नाही. उन्हाळ्यात त्यास नियमित पाणी प्यावे लागते.

संवर्धनाचा विचार :
पाणी न मिळाल्यास काळवीट अभयारण्याबाहेर पडतात. तेथे कठडा नसलेल्या विहिरी, भरधाव वाहने व भटकी कुत्री यांपासून त्यांच्या जिवास धोका असतो. शिवाय शेतपिकांचे नुकसान होऊन शेतकऱ्यांचा रोष ओढवतो. म्हणून कृत्रिम पाणवठे आवश्यकच आहेत. मात्र एकाच पाणवठ्यावर गर्दी झाल्यास सभोवतालचे गवत तुडवले जाते व रोगप्रसाराचा संभव वाढतो. त्यामुळे पाणवठे लहान, उथळ व विखुरलेले असणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :
काळविटाचे पाणी वर्षातील बराच काळ गवतातच साठलेले असते. मृद्-जलसंधारणाने जमिनीत ओल टिकली, तर गवत अधिक काळ हिरवे राहते व पाणवठ्यांवरील भार कमी होतो. सबब, टंचाईच्या काळात पाणवठे भरणे ही तातडीची उपाययोजना, तर गवताळ प्रदेशाचे जतन ही कायमची उपाययोजना मानून दोहोंचे नियोजन एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.