गेम खेळून आयुष्य बदलतं का? बदलतं, पण हिशोबाची वही उघडली तर!



क्लासमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, मी गेम चांगला खेळतो. यातून काही करता येईल का?" विचारणारा मुलगा बहुतेक बारावी झालेला असतो. घरी थोडी धानाची शेती असते. आई-वडील उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. त्या हंगामाच्या पैशातून त्याला २५-३० हजारांचा 'गेमिंग फोन' हवा असतो.

"अरे, गेम सोड आणि अभ्यास कर" हे उत्तर सोपं आहे, पण ते त्याने घरी शंभर वेळा ऐकलेलं असतं. "हो, घे फोन, तू पण स्टार होशील" हे त्याहून सोपं, आणि जास्त धोक्याचं. कारण इथे एका घराचा एका हंगामाचा पैसा पणाला लागलेला असतो. म्हणून आज दोन्ही बाजू हिशोबाने बघू. ज्यांचं आयुष्य गेममुळे खरंच बदललं, त्यांनी नेमकं काय केलं? आणि आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या पट्ट्यात राहून तुम्ही काय करू शकता?

आधी तीन माणसं बघा

पहिलं उदाहरण आपल्या विदर्भाच्या शेजारचं. नागपूरला लागून मध्य प्रदेशचा छिंदवाडा जिल्हा आहे. तिथल्या उमरानाला या लहान गावची पायल धारे. मोबाईलवर गेम खेळत लाइव्ह स्ट्रीमिंग सुरू केलं आणि आज 'पायल गेमिंग' या नावाने तिला देश ओळखतो. चॅनलचे ४० लाखांच्या वर सबस्क्रायबर आहेत. २०२४ मध्ये तिला 'मोबीज' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांमध्ये मोबाईल स्ट्रीमरचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी देशातल्या काही गेमर्सना चर्चेला बोलावलं, त्यातही ती होती.

दुसरा मिथिलेश पाटणकर, म्हणजे 'मिथपॅट'. आपला मराठी मुलगा, एक कोटीच्या वर सबस्क्रायबर. आता एक गोष्ट नीट बघा. लोक त्याचे व्हिडिओ तो कितव्या नंबरचा खेळाडू आहे म्हणून बघत नाहीत. त्याच्या बोलण्यासाठी, विनोदासाठी बघतात. गेम हा त्याचा कच्चा माल. विकतो तो मनोरंजन.

तिसरा मुंबईचा नमन माथुर, म्हणजे 'मॉर्टल'. हा खरा स्पर्धेतला खेळाडू. २०१९ मध्ये त्याच्या 'टीम सोल'ने पबजी मोबाईलची भारतातली मोठी स्पर्धा जिंकली, मग संघ बर्लिनपर्यंत खेळायला गेला.

तिघेही गेम खेळतात, पण तिघांचा धंदा वेगळा आहे. एकीने रोज हजर राहून प्रेक्षकांशी नातं जोडलं, एकाने विनोद विकला, एकाने स्पर्धा जिंकली. तेव्हा "मी गेम चांगला खेळतो" हे वाक्य अर्धंच आहे. पुढचं अर्धं वाक्य असं: "आणि त्यातून मी कोणाला काय देतो?" ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याचा तो छंद आहे. छंद वाईट नाही हो, पण छंदासाठी घरचा हंगाम मोडायचा नसतो.

एका रात्रीत दुकान बंद झालं तर?

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. ज्यांची सगळी कमाई त्या एका गेमवर उभी होती, त्यांचं दुकान त्या दिवशी बंद झालं. मग २ जुलै २०२१ ला तोच गेम भारतासाठी 'बीजीएमआय' नावाने आला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. तीन वर्षांत दोनदा शटर पडलं.

टिकले कोण? ज्यांचा प्रेक्षक गेमचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. मॉर्टल आणि मंडळींनी दुसरे गेम खेळून दाखवले, गप्पा मारल्या, वेगळे व्हिडिओ केले. 'टीम सोल' आणि '८बिट' हे दोन गट एकत्र येऊन 'एस८यूएल' उभं राहिलं. त्यात नुसते खेळाडू नाहीत. व्हिडिओ बनवणारे आहेत, ब्रँडशी बोलणी करणारे आहेत, व्यवस्थापन बघणारे आहेत.

हा धडा फक्त गेमवाल्यांसाठी नाही. तुमचं किराणा दुकान एकाच सप्लायरवर चालतं? चहाची टपरी फक्त सुरजागडच्या ट्रकवाल्यांवर चालते? मग तुमचाही सगळा धंदा एकाच खांबावर उभा आहे. वाहतुकीचा रस्ता बदलला तर काय, हा प्रश्न आजच वहीत लिहून ठेवा.

खेळणारे बनवणारे झाले तेव्हा

आता पुण्याची गोष्ट. २०१७ मध्ये श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी तिथे 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही छोटी कंपनी सुरू केली. त्यांना 'राजी' नावाचा गेम बनवायचा होता. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आपल्या पुराणातले देव आणि असुर, राजस्थानी धाटणीचे महाल. कल्पना सुंदर, पण खिसा रिकामा. त्यांनी किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथे रक्कम पूर्ण झाली नाही तर हातात काहीच येत नाही.

पुढे 'अनरिअल' हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एपिक कंपनीकडून त्यांना अनुदान मिळालं. तरी पैसे कमीच पडले, तेव्हा अविचल सिंग यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. शेवटी प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या मशीनवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जगातल्या मोठ्या सोहळ्यात नव्या टीमच्या पहिल्या गेमसाठी असलेल्या पुरस्काराला 'राजी'चं नामांकन झालं.

"फ्लॅट विकला" एवढंच ऐकून टाळ्या वाजवू नका. घर विकणं हा धंद्याचा मंत्र नाही. त्याआधी काय होतं ते बघा: हातात कसब, दाखवायला चालू नमुना आणि बाहेरच्या कंपनीने अनुदान देऊन केलेली पारख. एवढं झाल्यावर घेतलेली ती रिस्क होती. यातलं काहीच नसताना घर विकणं म्हणजे जुगार.

परदेशातलंही एक उदाहरण घ्या. स्टुअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीने 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवला. तो चालला नाही, २०१२ च्या शेवटी बंद करावा लागला. पण गेम बनवताना टीमने आपापसात बोलण्यासाठी एक साधन तयार केलं होतं. तेच पुढे 'स्लॅक' म्हणून बाजारात आलं. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरला विकत घेतलं. तेव्हा धंदा बसला तरी त्यात तयार झालेली कामाची वस्तू कुठली, ते तपासल्याशिवाय शटर ओढू नका.

गेममधून हाताला काय लागतं?

अमेरिकेत २००७ मध्ये ३३ डॉक्टरांवर केलेला एक अभ्यास छापून आला. दुर्बिणीने ऑपरेशन करण्याच्या सरावात, आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्या सर्जनच्या चुका ३७ टक्के कमी होत्या आणि वेग २७ टक्के जास्त होता. म्हणजे गेम खेळला की डॉक्टर होतो, असं नाही!  मुळात ज्यांचा हात चांगला, तेच गेमकडे वळले असंही असू शकतं.

कसब आपोआप धंद्यात उतरत नाही, उतरवावं लागतं. गेममध्ये तुम्ही हरता, पण रडत बसत नाही, पुढच्या डावात एक गोष्ट बदलून बघता. दुकानात तसं करता का? रविवारी माल खपला नाही तर पुढच्या रविवारी एकच गोष्ट बदला: मांडणी, भाव किंवा वेळ. तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. गेममध्ये बॅगेत जागा कमी असते म्हणून तुम्ही निरुपयोगी वस्तू टाकून देता. दुकानात मात्र सहा महिने न खपलेला माल सांभाळून ठेवता. तिथे अडकलेले पैसे मोजा.

आता आपल्याकडचा हिशोब

*चॅनल काढायचा असेल तर:* यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि एका वर्षात ४,००० तास बघितलेला वेळ लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर ८०,००० वेळा तुमचे व्हिडिओ बघितले गेले पाहिजेत. आणि ही फक्त सुरुवातीची रेघ आहे, पगार नाही. म्हणून आहे त्या फोनवर आधी ३० व्हिडिओ करा. तेही होत नसतील तर नवा फोन घेऊन होणार नाहीत. नेटवर्कचा भरवसा नाही ना? मग लाइव्हच्या मागे लागू नका, रेकॉर्ड करून टाका. माडिया, गोंडी, तेलुगू, मराठी अशा भाषा रोज कानावर पडणाऱ्या गावात तुम्ही राहता. तुमच्या बोलण्याचा ढंग हेच तुमचं भांडवल.

*गेमिंग झोन टाकायचा असेल तर:* समजा दोन जुनी मशीन, दोन टीव्ही, खुर्च्या आणि इन्व्हर्टर मिळून ७०,००० रुपये लागले. तासाला ४० रुपये. प्रत्येक मशीन दिवसाला ४ तास चाललं, महिन्याला २६ दिवस. म्हणजे २०८ तास, ८,३२० रुपये. भाडं ३,०००, वीज १,५००, दुरुस्तीसाठी बाजूला १,०००. उरले २,८२०. भांडवल निघायला साधारण २५ महिने, आणि यात तुमची मजुरी धरलेली नाही!

आता लाइट गेल्यामुळे ४ तासांऐवजी ३ तासच चाललं असं धरा. जमा ६,२४०, उरले फक्त ७४० रुपये. एक तास कमी झाला आणि धंदा बसला.

पण हेच तुमच्या चालू दुकानाच्या रिकाम्या कोपऱ्यात केलं तर भाड्याचे ३,००० वाचतात. चार तासांच्या हिशोबाने ५,८२० उरतात, १२ महिन्यांत भांडवल निघतं. वर चहा, चिप्स, रिचार्जचं गिऱ्हाईक वाढतं ते वेगळं. म्हणजे आपल्या भागात हा मुख्य धंदा नाही, जोडधंदा आहे. हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून परत मांडा.

तीन लक्ष्मणरेषा

पहिली, पैसे लावून खेळणं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे. असे पैशाचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे रमी-बेटिंगच्या ॲपची जाहिरात चॅनलवर करू नका, झोनमध्ये ते खेळू देऊ नका. एन्ट्री फी घेऊन बक्षिसाची स्पर्धा ठेवायची असेल तर आधी वकिलाला विचारा.

दुसरी, शाळकरी मुलं. शाळेच्या वेळेत प्रवेश नाही, हा बोर्ड दारावर लावा आणि पाळा. गावात आई-वडिलांचा विश्वास गेला तर तुमचं मूळ दुकानही जातं.

तिसरी, स्वतःची तब्येत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. झोप, जेवण, काम, नाती सगळं बाजूला पडलं, नुकसान दिसतंय तरी थांबता येत नाही आणि हे महिनोन् महिने चाललंय, तर तो छंदही नाही आणि धंदाही नाही. तिथे डॉक्टरांची मदत घ्या. त्यात लाज कसली?

या आठवड्याचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या. सात दिवस रोज किती तास गेम खेळलात ते लिहा. शेजारी लिहा, त्या वेळेतून दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं काय तयार झालं: व्हिडिओ, एडिटिंगचा सराव, कोणाला शिकवलेलं काही. सात दिवसांनी दुसरा रकाना रिकामा असेल तर तेंदूपत्त्याचे पैसे घरातच राहू द्या. तिथे खरंच काही दिसलं, तर ते पान आई-वडिलांसमोर ठेवा आणि मग फोनचा विषय काढा. "मला पाहिजे" यापेक्षा वहीतलं पान जास्त पटतं, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत खेळा, पण हिशोब लिहून!