रक्ताचा दोष की वस्तीचा?

१८९६ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस पत्नीसह फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात, एका खाणावळीच्या वरच्या एका खोलीत राहायला आले. वय २८. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीची पाहणी करायचं काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांच्यावर सोपवलं होतं.

त्याच वर्षी फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं. कृष्णवर्णीयांत मृत्यू जास्त होतात ते त्यांचा वंशच दुबळा म्हणून, असं त्याचं म्हणणं. मृत्यू जास्त होते, हे खरंच होतं. वाद होता तो कारणाचा.

ड्यू बॉइस यांनी सहा छापील तक्ते तयार केले. कुटुंबाचा वेगळा, माणसाचा वेगळा, घराचा, गल्लीचा, संस्थेचा आणि घरगड्यांचा. हे तक्ते हातात घेऊन ते दार ठोठावत. एका घरी सरासरी पंधरा ते पंचवीस मिनिटं, कधी तासभर. खोल्या किती? भाडं किती? न्हाणीघर आहे का? परक्याने येऊन असं खोदून विचारलेलं काहींना आवडत नसे. डझनभर घरांनी लगेच आत घेतलं नाही. तरी वॉर्डातली ९,६७५ कृष्णवर्णीय माणसं त्यांच्या मोजणीत आली. हाती लागलेला एक आकडा मला विसरता येत नाही: २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर-शौचकूप मिळत होतं फक्त ३३४ कुटुंबांना.

आता खरी मेख. नुसती गोऱ्यांशी तुलना केली असती, तर वंश आणि गरिबी यांची गाठ सुटली नसती. दोन्ही एकत्रच दिसली असती. म्हणून त्यांनी कृष्णवर्णीयांचेच मृत्युदर वॉर्डावॉर्डाने मांडले. पाचवा वॉर्ड म्हणजे शहरातली सगळ्यात घाण, दाट वस्ती. तिथे दर हजारी ४८.४६. तिसाव्या वॉर्डात रस्ते स्वच्छ, सांडपाण्याची सोय बरी, तिथे २१.७४. माणसं त्याच वंशाची, शहर तेच, आणि दर निम्म्याहूनही कमी. दोष रक्तात असता तर वॉर्ड बदलल्यावर तो असा ओसरला नसता.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. गरिबांच्या सवयींना ते अधूनमधून फार कठोर बोल लावतात. पण तुलना कशाची कशाशी करायची, ही त्यांची निवड अचूक होती. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्यांनी देशभरातल्या कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला, तेव्हाही वंशाच्या दुबळेपणाचा दावा त्यांनी आकड्यांनिशीच खोडून काढला.

फिलाडेल्फियाच्या पाहणीचं पुस्तक १८९९ मध्ये छापून आलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अटलांटात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला.